हलू नका, व्यायाम चालू आहे

मराठी माणसाच्या गप्पांचे विषय वयाप्रमाणे ठरलेले असतात. तिशीत जागेचे भाव, चाळिशीत मुलांचे मार्क, पन्नाशीत साखर आणि साठी दिसायला लागली की गुडघे. हा शेवटचा विषय निघाला की राजकारण, क्रिकेट, पाणीकपात सगळं मागे पडतं. लग्नाच्या हॉलमध्ये पूर्वी वधूपक्ष आणि वरपक्ष असे दोन पक्ष असायचे. आता खाली बसता येणारे आणि न येणारे असे असतात, आणि दुसऱ्या पक्षाला स्पष्ट बहुमत आहे. पंगती गेल्या त्या काही नुसत्या फॅशनपायी नाहीत. परवा एका सत्यनारायणाला यजमान खुर्चीवर, यजमानीणबाई खुर्चीवर, आणि "माझ्याही वाट्या गेल्यात हो" म्हणत गुरुजी तिसऱ्या खुर्चीवर. खाली चौरंगावर फक्त देव होते.

गुडघेदुखीवर औषध माहीत नाही असा माणूस आपल्याकडे शोधून सापडायचा नाही. निर्गुंडीचा पाला, एरंडाच्या पानाचा शेक, रात्री भिजत घातलेल्या मेथ्या. अमुक गावचं तेल, जे फक्त शनिवारी मिळतं आणि आणायला ज्याचे गुडघे शाबूत आहेत असाच माणूस लागतो. डिंकाचे लाडू तर विचारूच नका. आमच्या घरी गुडघ्यांसाठी म्हणून केलेले लाडू गुडघे सोडून बाकी सगळीकडे लागले. अभ्यासकांचा हिशेब असा की, स्थूल माणसाच्या झिजलेल्या गुडघ्याला एक किलो वजन उतरल्यावर पावलागणिक चार किलोंचा भार कमी होतो. हाच हिशेब उलटा केला तर लाडवाच्या डब्याचं झाकण जरा घट्ट बसतं.

आणि मग ते सार्वत्रिक निदान: "ग्रीस संपलंय." हे निदान करायला पदवी लागत नाही. लिफ्टमध्ये दोन मजले सोबत यावं लागतं, बस. माणसाच्या गुडघ्याचं सर्व्हिसिंग होतं, तिथे वंगण भरून मिळतं आणि आपण वेळेवर गाडी न नेल्यामुळे ही वेळ आली, अशी एकूण समजूत असते. आता खरी गोष्ट अशी की धडधाकट गुडघ्यातसुद्धा हे वंगण चहाचा एक चमचाही पुरता भरणार नाही एवढंच असतं. गुडघा सुजतो तेव्हा उलट ते वाढलेलं असतं. म्हणजे ज्यांचं 'संपलंय' म्हणून हळहळ चालते, त्यांच्यातल्या काहींचं ऊतू चाललेलं असतं. हाडांच्या टोकांवरच्या कूर्चेला रक्तवाहिन्या नसतात, मज्जातंतूही नसतात. ती बिचारी दाबली गेली, सुटली, दाबली गेली, सुटली, अशी त्या चमचाभर द्रवातून आपलं पोट भरते. ती झिजत असताना स्वतः ओरडत नाही. ओरडतात ते आजूबाजूचे, हे आपल्याकडच्या कुठल्याही कुटुंबाला समजण्यासारखं आहे.

डॉक्टरांनी माझा एक्स-रे उजेडासमोर धरला. मीही मान तिरकी करून जाणकारासारखं पाहिलं. "सुरुवात आहे," ते म्हणाले. चांगल्या गोष्टीची कोणी अशी सुरुवात सांगत नाही. "ऑपरेशनचं काही नाही. मांडीच्या स्नायूंत ताकद आणा. फिजिओकडे जा."

फिजिओथेरपी म्हटल्यावर माझ्या डोळ्यांसमोर यंत्रं होती. बटण दाबलं की घुंऽऽ करणारं काहीतरी, तारा, दिवे, निदान एखादी स्थिर सायकल. पैसे मोजायचे तर काहीतरी हललं पाहिजे, ही मध्यमवर्गाची रास्त अपेक्षा आहे. तिथल्या मुलीने, जिच्या वयाचे माझे बूट असतील, एक नॅपकिन आणला.

"काका, आपण आयसोमेट्रिकपासून सुरुवात करू."

"म्हणजे काय?"

"म्हणजे जोर लावायचा, पण हलायचं नाही."

सरकारी नोकरीत उमेदीची वर्षं घालवलेल्या माणसाला हे शिकवायला निघालेली ती पहिलीच व्यक्ती असावी. निदान अर्धं शिक्षण माझं झालेलं होतं.

मला पलंगावर पाय लांब करून बसवलं. गुडघ्याच्या लवणीखाली त्या नॅपकिनची गुंडाळी सरकवली. "आता गुडघ्याने ती खाली दाबा. दाबा. दाबा. काका, दात नका दाबू, गुडघा दाबा." मी खांदे वर घेतले, पोट आत घेतलं, भुवया एकमेकींना भेटवल्या. "चेहरा सैल सोडा." चेहरा सोडला तर गुडघाही सुटला. तिने मांडीच्या आतल्या बाजूला, वाटीच्या चार बोटं वर, हलकेच टोकलं. "इथला स्नायू टरारून वर यायला हवा. येतोय का?" मी त्या जागेकडे पाहिलं, तिने पाहिलं. शेजारच्या पलंगावर खांद्याला शेक घेत बसलेल्या आजींनीही चष्मा सावरून पाहिलं. काहीही आलं नाही.

त्याचं कारण तिने सांगितलं ते मला फार आवडलं. मांडीच्या पुढच्या बाजूचा हा चार पदरी स्नायू वाटीला वरून धरून असतो आणि गुडघ्याचा मुख्य आधार तोच. पण गुडघा दुखला, सुजला की मेंदू आणि मज्जारज्जू परस्पर ठरवून त्याचा जोर कमी करून टाकतात. आपल्याला विचारत नाहीत. स्नायू शाबूत, शिरा शाबूत, आपण वरून सांगतोय दाब म्हणून. पण मंत्रालयातून निघालेला आदेश तालुक्याला पोहोचतच नाही, तसं काहीसं. मग स्नायू बसून बसून रोडावतो, तो रोडावला की गुडघ्यावर जास्त भार, जास्त भार की जास्त दुखणं, आणि दुखलं की पुन्हा तीच सक्तीची रजा. नॅपकिन दाबायचा तो हा रजेवर गेलेला इसम कामावर रुजू व्हावा म्हणून. आणि सांधा न हलवता दाबायचा कारण दुखऱ्या सांध्याला हलवून चिडवण्यात हशील नसतं.

दहा मोजेपर्यंत धरायचं, सोडायचं, पुन्हा धरायचं. ऐकताना यात काय आहे असं वाटतं. सोडल्यावर कळतं की कपाळावर घाम आहे.

घरी मात्र या व्यायामाला कोणीही व्यायाम मानायला तयार होईना. व्यायामाची आपल्याकडे एक प्रतिमा आहे. तो पहाटे करतात, त्यासाठी बूट लागतात, करताना दुसऱ्याला दिसावा लागतो आणि आल्यावर "आज जरा जास्तच झाला" असं म्हणत पंख्याखाली बसता आलं पाहिजे. मी पलंगावर पाय पसरून, छताकडे बघत, मनातल्या मनात दहा मोजत पडलेला.

"अहो, उठताय ना? चादर झटकायचीय."

"व्यायाम चाललाय."

बायकोने खोलीभर नजर फिरवली. "कुठे?"

कामाच्या मावशींनी तर झाडू बाहेरच थांबवला आणि दबक्या आवाजात विचारलं, "काकांना बरं नाही का?" दुसऱ्या दिवशी त्यांनी माझ्या नावाने दोन मजले खाली चौकशी पोहोचवली होती. मनगटावरच्या घड्याळाची तऱ्हा आणखी वेगळी. मुलाने वाढदिवसाला दिलेलं ते स्मार्ट की काय ते घड्याळ. मी मांडी फुटेस्तोवर जोर लावून बसलेला, आणि ते थरथरून म्हणतं: 'बराच वेळ बसून आहात. जरा उठा, हालचाल करा.' पावलं शून्य. उष्मांक नगण्य. या व्यायामाची नोंद घेणारं जगात फक्त एकच यंत्र आहे, आणि ते म्हणजे जिना.

नॅपकिन पास झाल्यावर भिंत आली. भिंतीला पाठ टेकवायची, पावलं फूट-दीड फूट पुढे घ्यायची आणि खाली खुर्ची आहे असं समजून सरकत बसायचं. खुर्ची नसते. पाठ भिंतीला, बाकी सगळं हवेत, आणि तिथेच थांबायचं. "नव्वद अंशांचा हट्ट नको काका," तिने बजावलं होतं. "जिथवर दुखत नाही तिथवरच सरका. आणि गुडघे आत वळू देऊ नका."

हे करायला मोकळी भिंत लागते. मराठी घरात सगळं मिळेल, मोकळी भिंत मिळणार नाही. एका भिंतीवर शोकेस. तिच्यात मुलाचे चमचा-लिंबूचे कप. दुसरीवर टीव्ही. तिसरीवर आजोबा, पणजोबा आणि ज्यांचं नाव आता कोणालाच सांगता येत नाही ते एक पगडीवाले. चौथीवर कालनिर्णय, किल्ल्यांचा खिळा आणि गॅसच्या नंबराची चिठ्ठी. अखेर फ्रीज आणि बाथरूमच्या दाराच्या मधली जेमतेम माणूसभर जागा मिळाली. पहिली दहा सेकंदं मी अगदी आरामात होतो. पंधराव्या सेकंदाला मांडीत ऊब जाणवली. विसाव्याला ती ऊब राहिली नाही. पंचविसाव्याला मांड्या माझ्या परवानगीशिवाय थरथरू लागल्या, आणि त्यांच्याबरोबर फ्रीजवरची बरणीही. नेमकं त्याच वेळी बायकोला कोथिंबीर हवी असते. फ्रीजचं दार उघडतं ते माझ्या गुडघ्याला लागतं. "जरा सरका ना," ती म्हणते. सरकलो तर बसतोच.

या सगळ्यात श्वास रोखायचा नसतो, हे महत्त्वाचं. जोर लावताना माणूस आपोआप श्वास कोंडतो आणि त्याने रक्तदाब एकदम चढतो. त्यावर फिजिओंचा उपाय साधा आहे: मोठ्याने आकडे मोजा. बोलणाऱ्याला श्वास कोंडता येत नाही. तेव्हा घरात आता रोज सकाळी एक गृहस्थ फ्रीजशेजारी भिंतीला चिकटून ओरडत असतात, "सव्वीस! सत्तावीस! अठ्ठावीस!" बालभारतीने २०१९ साली दुसरीच्या पुस्तकात 'वीस एक, वीस दोन' अशी संख्यावाचनाची नवी रीत आणली तेव्हा मी चहाच्या टपरीवर तिच्याविरुद्ध कडाडून बोललो होतो. भिंतीला टेकल्यावर मत बदललं. 'एकोणतीस' म्हणण्यापेक्षा 'वीस नऊ' लवकर संपतं.

या न हलण्याच्या शास्त्राला इतिहासही मोठा गमतीचा आहे. १९५३ साली जर्मनीत डॉर्टमुंडला हेटिंगर आणि म्युलर या दोघांनी जाहीर केलं की दिवसातून एकदा, फक्त सहा सेकंद, आपल्या ताकदीच्या दोन तृतीयांश जोराने स्नायू आवळून धरला तर आठवड्याला पाच टक्क्यांच्या आसपास ताकद वाढते. सहा सेकंद! आळशी माणसाला विज्ञानाने याहून मोठी भेट कधी दिलेली नाही. पुढे इतरांनी करून पाहिलं तेव्हा आकडे इतके गोड निघाले नाहीत, पण तोवर हवा झाली होती. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या यॉर्क गावी बॉब हॉफमन नावाचे एक गृहस्थ वजनं विकत आणि वेटलिफ्टर घडवत. १९६०च्या सुमाराला त्यांचे पठ्ठे लोखंडी चौकटीतल्या न हलणाऱ्या दांड्याला रेटा देऊ लागले आणि बघता बघता भलतेच ताकदवान झाले. हॉफमननी आपल्या मासिकातून त्याचं कौतुक छापलं आणि चौकटी विकल्या. नंतर बाहेर आलं की त्यांच्याबरोबर काम करणारे डॉ. झीगलर त्याच पठ्ठ्यांना डायनाबॉल या स्टेरॉइडच्या गोळ्याही देत होते. गोळ्यांचं श्रेय चौकटीला गेलं, आणि खरं कळल्यावर चौकटीची पुरती बदनामी झाली. आयसोमेट्रिक मग कित्येक वर्षं कोपऱ्यात पडून राहिलं, काही अपराध नसताना.

त्याची अब्रू परत आली ती रक्तदाबाच्या वाटेने. २०२३ साली 'ब्रिटिश जर्नल ऑफ स्पोर्ट्स मेडिसिन'मध्ये २७० चाचण्यांचा आणि १५,८२७ माणसांचा एकत्रित हिशेब प्रसिद्ध झाला. धावणं, वजनं उचलणं, दोन्ही मिळून करणं, दमछाक करणारे झटपट व्यायाम, आणि हे न हलणं, या सगळ्यांत विश्रांतीच्या वेळचा रक्तदाब उतरवण्यात पहिला नंबर न हलण्याचा आला. वरचा आकडा सरासरी आठाने, खालचा चाराने. आणि वरचा आकडा उतरवण्यात सगळ्यांत पुढे कोण, तर भिंतीला टेकून बसणं. सकाळी कॉलनीला पाच फेऱ्या मारून येणाऱ्या मंडळींना हे मी मुद्दाम कात्रण काढून दाखवलं. अशा प्रयोगांत साधारणपणे दोन-दोन मिनिटांचे चार डाव, मध्ये थोडी विश्रांती, आठवड्यातून तीनदा असा क्रम असतो, हे मात्र मी त्यांना सांगितलं नाही. दोन मिनिटं ही किती असतात हे ज्याने भिंतीला टेकून घालवली आहेत त्यालाच विचारावं. त्यात मॅगी होते.

खरं म्हणजे हे सगळं आपल्याकडे फुकट मिळत होतं. आमच्या शाळेत पीटीच्या सरांची 'खुर्ची' नावाची शिक्षा होती. भिंतीला टेका, खुर्ची करा, घंटा होईपर्यंत. जोडीला कोंबडा, अंगठे धरणं, आणि गृहपाठ विसरणाऱ्यांना बाकावर एका पायावर उभं करणं. वर्गातल्या मागच्या बाकावरच्या मुलांचे गुडघे आज बघा. आमच्या बॅचमध्ये पहिल्या नंबरात येणाऱ्यांपैकी बहुतेकांना जिना उतरताना कठडा लागतो, आणि ज्याने चौथी ते सातवी जवळजवळ संपूर्ण खुर्चीत काढली तो अजून सिंहगड चढतो. सरांना कोणी कधी फी दिली नाही. आता आम्ही तीच शिक्षा अपॉइंटमेंट घेऊन करून घेतो.

पुण्यात तर योगगुरू बी. के. एस. अय्यंगार १९३७ सालापासून लोकांना स्थिर उभं करत होते. साहेबलोकांना त्यांची कीर्ती आधी कळली. येहुदी मेन्युहिनसारखा जगप्रसिद्ध व्हायोलिनवादक १९५२ मध्ये त्यांना भेटला आणि शिष्य झाला. १९७५ साली मॉडेल कॉलनीत त्यांची संस्था उभी राहिली आणि परदेशातून माणसं विमानाने येऊन तिथे ताडासन शिकू लागली. ताडासन म्हणजे काय, तर उभं राहणं. शेजारच्या गल्लीतली मंडळी यावर तेव्हा हसत असत. पण त्या उभं राहण्यात गुडघे आवळून वाट्या वर खेचायच्या असतात. म्हणजे मला नॅपकिन देऊन जे सांगितलं गेलं, तेच, विना नॅपकिन. ताडासनात उभ्या माणसाला बाहेरून बघितलं तर तो बसची वाट बघतोय असं वाटतं. आतून त्याची मांडी काय म्हणते ते त्याचं त्याला ठाऊक.

आणि तोल? तोलाचं तर आपल्या पुराणातल्या तपस्व्यांनी प्रस्थच केलं होतं. वर मागायचा तर एका पायावर उभं राहायचं, हा नियमच. महाबलीपुरमला पल्लवांच्या काळातलं ते प्रचंड शिल्प आहे. त्याला कोणी अर्जुनाची तपश्चर्या म्हणतं, कोणी गंगावतरण. त्यात एक हाडकुळा तपस्वी हात वर करून एका पायावर उभा आहे. लोक त्याचा फोटो काढतात आणि पुढे जातात. खाली हत्तींजवळ जरा बघावं. तिथे एक मांजरही तशीच पुढचे पाय वर करून, पोट आत घेऊन तप करते आहे आणि आजूबाजूला उंदीर निर्धास्त बागडताहेत. व्यायामाला उद्देश हवा तो असा.

एका पायावर उभं राहण्याची गोष्ट अलीकडे वर्तमानपत्रांनी फार गाजवली. ब्राझीलमध्ये रिओला डॉ. अराउजो यांनी ५१ ते ७५ वयाच्या १,७०२ जणांना दहा सेकंद एका पायावर, दुसरं पाऊल उभ्या पायाला मागून टेकवून, हात खाली सोडून उभं राहायला सांगितलं. साधारण पाचातल्या एकाला ते जमलं नाही. पुढची सरासरी सात वर्षं त्या सगळ्यांवर लक्ष ठेवलं, तेव्हा न जमणाऱ्या गटात मृत्यूचा धोका ८४ टक्क्यांनी जास्त दिसला. ही २०२२ सालची बातमी. हे वाचलं त्या दिवशी आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये ज्येष्ठ मंडळींनी चाचणीच घेतली. एरवी कोजागिरीलाही एवढी गर्दी नसते.

पहिले आजोबा चौथ्या सेकंदाला शेजारच्यांच्या खांद्यावर आले. "फरशीला उतार आहे," ते म्हणाले. "बिल्डरने पहिल्यापासूनच..." दुसऱ्यांनी चपला काढल्या, मोजे काढले, पँट वर दुमडली, सगळ्यांना गप्प केलं, पाय उचलला आणि ठेवला. "वॉर्म-अप होता." एक निवृत्त बँक मॅनेजर दहा पूर्ण करून वर आणखी पाच उभे राहिले आणि मग दिवसभर ज्यांना जमलं नाही त्यांच्याकडे ते ज्या नजरेने पाहत होते, ती सहृदय म्हणता यायची नाही. ज्यांना जमलं नाही ते त्या संध्याकाळी मुलांना फोन करून अकारण हळवं बोलले. दहा सेकंद उभं राहता आलं नाही म्हणून कोणी मरत नाही. मधुमेह, वजन, बसून काढलेली वर्षं, हे सगळं त्या डुलणाऱ्या पायात येऊन जमा झालेलं असतं. चाचणी फक्त चुगली करते. पण हे हॉलमध्ये कोण ऐकतो.

बायकांनी मात्र कोपऱ्यात उभ्या राहून, भिशीचा हिशेब करता करता, दहा-दहा सेकंदं आरामात काढली. त्यांना विचारलं तर म्हणाल्या, "हे काय, ओट्याशी आम्ही रोज असंच उभं राहतो. एक पाय दमला की दुसरा."

तोल सांभाळायला डोळे, आतला कान आणि तळपायापासून सांध्यांपर्यंतच्या खबरा, अशा तिघांची साक्ष लागते. डोळे मिटले की एक साक्षीदार कमी. एकोणिसाव्या शतकात बर्लिनच्या रोमबर्ग या डॉक्टरने माणसांना डोळे मिटून उभं करून हेच तपासलं होतं. बाथरूममध्ये तोंडाला साबण लावलेला असताना माणूस का झोकांडतो, याचं उत्तर त्यात आहे. तेव्हा एका पायावर डोळे मिटून उभं राहण्याची हौस असेल तर ती निदान ओल्या फरशीवर नको. सुरुवात ओट्याच्या कडेला बोटं टेकवून करावी. दूध तापेपर्यंत डावा पाय, चहा उकळेपर्यंत उजवा. यात दूध ऊतू जायचंही टळतं, कारण माणूस तिथून हलू शकत नाही.

आमच्या घरातलं सांगायचं तर, ज्या बाईने "कुठे?" म्हणून विचारलं होतं ती आता फ्रीजशेजारच्या त्या भिंतीवर माझ्याआधी नंबर लावते. तिची मांडी थरथरत नाही, आकडे मोजताना आवाज चढत नाही, आणि मी खाली बसलेलो असताना ती उभ्या उभ्या एका पायावर फोनवर बोलत असते. मी मागे पडलोय. पण पर्वतीच्या पायऱ्या उतरताना पूर्वी मी कठड्याकडे जी धाव घ्यायचो ती आता घेत नाही, आणि गणपतीत आरतीनंतर जमिनीवरून उठताना "अरे, जरा हात दे रे" असं म्हणायची वेळ आली नाही. कूर्चा काही परत उगवलेली नाही. ती या व्यायामाने उगवत नाही, हे फिजिओ पहिल्या दिवशीच सांगते. शिवाय ज्या कोनात धरलं त्या कोनाच्या आसपासच ताकद जास्त येते, म्हणून भिंतीवर कधी थोडं वर, कधी थोडं खाली बसावं लागतं आणि चालणं चुकत नाहीच.

तेव्हा ज्यांचे गुडघे सुजलेत, गरम लागतात, मध्येच अडकतात किंवा रात्री झोपू देत नाहीत त्यांनी आधी डॉक्टर गाठावा, माझ्यासारख्यांचे लेख वाचत बसू नये. रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील तर भिंतीला पाठ लावण्यापूर्वी एकदा विचारून घ्यावं. बाकीच्यांनी आजच घरातली एक भिंत रिकामी करावी. फक्त ती शेजाऱ्यांच्या बेडरूमला लागून नाही ना, एवढं बघा. सकाळी सहाला आकडे मोठ्याने मोजायचे आहेत.